वेचणीच्या दिवसांतली पालकसभा

तुमच्या गावातल्या शाळेची पालकसभा कोणाच्या सोयीनं भरते, हे तुम्ही कधी विचारलंय का?

घाईनं उत्तर देऊ नका. आधी सभेची वेळ आठवा. सकाळी अकरा. वार कामाचा. महिना मार्गशीर्ष. आता शाळेच्या दारात उभं राहून शिवाराकडं बघा. लांबवर पांढऱ्या रानात वाकलेली लाल, हिरवी, जांभळी लुगडी दिसतात ना, ते पालक आहेत. आत सतरंजीवर कोणीच कसं नाही, म्हणून जे चिडलेत, ते गुरुजी आहेत. मधे फक्त एक कुंपण आहे आणि त्या कुंपणावर वर्षानुवर्षं एकच पाटी लागलेली आहे: पालकांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नाही.

ही पाटी कोणी रंगवलेली नाही. तरी ती सगळ्यांना वाचता येते.

यंदाही कापसाची वेचणी सुरू झाली आहे. परभणीहून ताडकळसकडं येणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलाय. बाभळीला कापूस लागत नाही, मला माहीत आहे. वरपर्यंत भरलेले टेम्पो खेटून जातात आणि काटे आपापला वाटा काढून घेतात. एसटीच्या खिडकीतून मी तो चोरीचा कापूस बघत आले. गावात उतरले तेव्हा हवेला तोच वास होता, सरकीचा, उबट, धुळीचा, नाकात बसला की दोन महिने न जाणारा.

मला शाळेनं बोलावलं होतं. शाळेचं स्वतःचं पालकधोरण लिहायचं ठरलंय. पालकांना शाळेत कसं सामील करून घ्यायचं, सभा कधी, जबाबदारी कोणाची, असं सगळं. नव्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "तू लिहितेस ना? मग मसुदा तूच कर. चार नियम चांगल्या भाषेत बसव." मी हो म्हणाले. आता ओसरीवर कोरा कागद घेऊन बसले आहे. वर फक्त 'धोरण' एवढा शब्द आहे, आणि त्याच्याखाली माझ्या हातून एकही नियम उतरत नाही. रेणुका उतरते. तिची आई गयामामी उतरते.

लहानपणी या दिवसांत आमच्या घरातली मधली खोली कापसानं भरलेली असायची. दाराला फळ्या लावायच्या आणि आढ्यापर्यंत कापूस दाबायचा. आम्ही लेकरं फळीवरून आत उड्या मारायचो आणि आई ओरडायची, "निघा भाईर! रात्रभर खाजवत बसताल!" आणि खरंच, बोंडअळीची खाज अंगावर उठायची. आई खोबरेल चोळत राहायची. त्याच खोलीच्या कोपऱ्यात अण्णांचे गठ्ठे असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. शेती थोडी आणि चळवळ फार. गुलाबी, पिवळ्या कागदांवर छापलेली पत्रकं. दारूबंदीची, रस्त्याची, हुंड्याविरुद्धची, विहिरीच्या पाण्याची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पुस्तकावर नाही, त्या कागदांवर. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द. भिंतीला लावायची खळ आई चुलीवर शिजवायची आणि मी डबा घेऊन अण्णांच्या मागे. छापलेला शब्द कधी चुकत नसतो, असं मला फार दिवस वाटायचं.

शाळा आमच्या गावात दहावीपर्यंत. वेचणीत वर्ग विरळ व्हायचा, आधी मुली जायच्या, मग उरलेले. सर हजेरी घ्यायचे. एकेक नाव पुकारलं की आम्ही सगळे एका सुरात उत्तर द्यायचो.

"राधा?"

"कापसात!"

"मीरा?"

"कापसात!"

"रेणुका?"

"हजर हाय सर, उगं कापसात लोटू नका मला!"

वर्ग हसायचा. सरही हसायचे. रेणुका माझ्या बाकावर बसायची. ती फार हुशार होती, असं मी इथं लिहिणार नाही. सुटलेल्या मुलींबद्दल लिहिताना आपण नेहमी तसं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला जास्त वाईट वाटतं. ती मधली होती. भूमितीत बरी, इंग्रजीत कच्ची, भांडणात पक्की. शाळेत बसायला हुशारच असावं लागतं का? तिला शाळेत यायला आवडायचं, एवढं पुरे आहे. डबा आधी खायची, मग माझ्या डब्यावर हात मारायची आणि वर म्हणायची, "तुमच्या घरची चटणी लय आळणी. पत्रकं खाऊन जगता काय गं तुमी?"

तिच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की तिचा बाप कळप घेऊन गंगाखेडकडं, गोदेच्या काठच्या रानांत निघून जायचा, तो शिमग्याच्या आसपास परत. घरी गयामामी, रेणुका, धाकटा भाऊ आणि चार शेळ्या. गयामामी दुसऱ्यांच्या रानात वेचायला जायची.

आम्ही नववीत होतो त्या वर्षी नवे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, आले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर हे लिहिणं किती सोपं झालं असतं! स्वतः वर्ग झाडायचे, मुलांच्या घरी जायचे, फुटक्या फरशा स्वतः उभं राहून बसवून घ्यायचे. मुलांच्या शिक्षणात आईबापांनी लक्ष घातलंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि म्हणून त्यांनी नियम केला: प्रत्येक पालकसभेला वडिलांनी हजर राहायचं. ज्याचे वडील येणार नाहीत, त्या विद्यार्थ्यानं ते येऊन भेटेपर्यंत वर्गाबाहेर बसायचं.

अण्णांना हा नियम फार आवडला. त्यांनी त्यावर पत्रक काढलं, गुलाबी कागदावर. 'पालकांनो, झोपेतून जागे व्हा!' मी स्वतः ते गावभर वाटलं. पहाटे चारला उठून भाकरी थापणाऱ्या, दिवस उगवायच्या आत रानात पोचणाऱ्या बायांच्या हातात मी ते दिलं. त्यांनी ते घेतलं, कोणी चुलीपाशी ठेवलं, कोणी म्हणालं, "वाचून दाखव की गं." मी वाचून दाखवलं. त्या हसल्या. का हसल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

सभा बुधवारी होती. सतरंजी मोठी आणि माणसं थोडी. किराणा दुकानदार, एक निवृत्त फौजी, सोसायटीचे चेअरमन, गुरुजींच्या घरातली दोघं-तिघं आणि अण्णा. अण्णा तासभर बोलले. न आलेल्या पालकांना त्यांनी इतकं झापलं, की आलेल्यांच्या माना खाली गेल्या. पालकसभेचं हे एक कायमचं विनोदी दुःख आहे. जो येत नाही त्याच्यावरचा राग, जो आलाय त्याच्यावर निघतो. शेवटी टाळ्या पडल्या आणि अण्णांचा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मुलांची रांग. मधल्या सुट्टीपर्यंत एकेकाचे वडील धावतपळत आले, कोणी आंघोळ न करता, कोणी बैल बांधून. दोन दिवसांत रांग आटली. रेणुका उरली.

"तुझे वडील?" मोठ्या सरांनी विचारलं.

"मेंढ्यांच्या शाळेत गेलेत सर. तिथं रोज हजेरी लागती."

सर हसले नाहीत. "विनोद पुरे. निरोप पाठव."

"निरोप कुठं पाठवू सर? कळप रोज नवं रान बघतो."

ती बाहेरच बसली. खिडकीतून मी तिला वहीचं पान दाखवायची, ती जीभ दाखवायची. दोनेक दिवस तिनं असं काढलं. मग म्हणाली, "इथं बसून लिंबाची पानं मोजण्यापेक्षा मायसंगं कापूस वेचते. बाप आला की यीन." आणि हजेरीत तिचं नाव आलं, की वर्ग आता खरंच ओरडायला लागला: "कापसात!" त्यानंतर हजेरी घेणारे सर हसले नाहीत, आणि मीही.

गयामामी सभेला का आली नाही? याचं उत्तर गावातल्या कोणत्याही बाईला विचारा. वेचणाऱ्या बायांची टोळी असते. प्रत्येकीला तिची पात ठरलेली, म्हणजे कपाशीच्या तिच्या वाट्याच्या ओळी. भर वेचणीत कामाच्या दिवशी खाडा केला, की ती पात दुसरीला जाते आणि हंगामभर परत मिळत नाही. टोळीचा हा कायदा कुठं लिहिलेला नाही, तरी शाळेच्या नियमापेक्षा कडक आहे. पण त्याच कायद्यात एक सूट आहे. बाजारच्या दिवशी कापूस वेचायचा नाही. त्या दिवशी मालकही बाजारात, मजूरही बाजारात, मजुरीही तिथंच हातावर. आठवड्यातला तो एक दिवस बायांचा. पोरासोरांना माहीत असलेली ही गोष्ट शाळेला माहीत नव्हती, कारण बाजारच्या दिवशी शाळा सकाळचीच भरायची आणि दुपारच्या आत शिक्षक परभणीच्या गाडीला लागायचे.

गयामामी आली ती बाजारच्या दिवशी.

त्या दिवशी फळा पुसायची पाळी माझी होती. शाळा सुटली होती, मोठे सर गेले होते. हिरवं लुगडं नेसलेली गयामामी फाटकातून आत आली. काखेत बाजाराची रिकामी पिशवी. पायांतल्या चपला तिनं फाटकातच काढल्या, देवळात काढतात तशा.

शिपाईमामा कुलूप लावत होते. "काय काढलंस गयाबाई?"

"सभेला आले."

"आज कोणती सभा? सभा झाली की बुधवारी."

"बुधवारी कापसात होते. आज कापूस न्हाई. आज आले."

"अगं, सभा काय आपल्या मनानं भरत असती का?"

"मग कुणाच्या मनानं भरती?"

 शिपाईमामांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. "सर गेलेत. जा आता बाजाराला."

"यीतीन की परत. बसते मी."

ती पायरीवर बसली. मी घरी गेले, जेवले, परत येऊन फाटकातून बघितलं, ती तिथंच होती. पदर नीट घेऊन, पाठ ताठ, फोटो काढायला बसल्यासारखी. बाजाराहून लोक परतायला लागले, बैलगाड्या, मोटारसायकली, डोक्यावर पाट्या. मग ती उठली.

पुढच्या बाजारी ती सकाळीच आली. या वेळी सर होते. आमचा वर्ग कचेरीला लागून, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"बसा बाई. चहा घ्या."

"चहा नको सर. मला बघा अन् लेकराला आत घ्या."

"तिच्या वडिलांना पाठवा. काही निर्णय घ्यायचा तर घरातलं कर्तं माणूस लागतं."

"सर, तिला शाळेत घालायचं मीच ठरवलं होतं. त्यो तवाबी मेंढरांतच होता."

 मग सरांचा आवाज, मऊच: "तुमचं बरोबर आहे. पण एकाला सूट दिली, तर नियम राहत नाही."

ती बाहेर आली तेव्हा मी नळावर होते, मुद्दामच. तिनं मला जवळ बोलावलं. "तू आईकलंस ना? रेणीला सांगू नको."

"काहून मामी? तिला वाटतंय तुम्ही आलाच न्हाईत."

"वाटू दे. माझा राग आला तर आला, मी माय हाय. पर ह्या शाळेनं आपल्या मायला परत लावलं हे कळलं, तर तिचं मन उडंल गं शाळेवरून. उद्या बाप आला की तिला हितंच बसायचंय ना?" आणि जाता जाता म्हणाली, "सर चांगले हायत. चहा घ्या म्हणले."

तिचा बाप शिमग्याला आला. तोवर रेणुकाच्या हाताला वेग आला होता, टोळीत तिला स्वतःची पात मिळाली होती, परीक्षा तोंडावर होती आणि तिला काहीच येत नव्हतं. बाप शाळेत जाऊन आला. सर म्हणाले, "आता पुढच्या वर्षी बसवू." पुढचं वर्ष आलं नाही. उन्हाळ्यात गंगाखेडकडची सोयरीक आली. लग्नाचं वय झालेलं नव्हतं, हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अण्णा त्या लग्नाला गेले नाहीत, विरोधाचं पत्रक काढतो म्हणाले, आणि मग काढलं नाही. त्यांना त्या पत्रकात पहिली ओळ काय लिहावी हे सुचलं नसावं, असं मला आज वाटतं.

हे सगळं मी मसुद्यात कसं लिहू? कलम एक, आई हीसुद्धा पालक असते?

काल दुपारी मी रानात गेले. गयामामी मागच्या वेचणीत गेली; ताप डोक्यात गेला म्हणतात. तिच्या वर्षश्राद्धाला रेणुका आली आहे आणि भावाच्या तुकड्यात वेचायला लागली आहे. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात दोन बोंडांवर. वाळलेल्या बोंडाची टोकं सुयांसारखी असतात. तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या होत्या. मला बघून म्हणाली, "या या, पत्रकवाले! अजून चटणी आळणीच करता का?"

मी तिच्या ओळीला लागले. ती दोन झाडं पुढं आणि मी मागे. तिची मुलगी तिकडं गंगाखेडकडं दुसरीत आहे. मी शाळेच्या कामाचं सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं हाय की. आईबापानं जायलाच पाहिजे सभेला. मी एकबी सभा चुकवत न्हाई. उसाची पात गेली तरी जाते."

"पात गेली तर?"

"गेली तर गेली. माझ्या लेकराला कुणी भाईर बसवायचं न्हाई." तिनं कापूस ओटीत टाकला. "माझ्या मायनं तवा एक दिवस खाडा केला असता ना, तर मी शिकले असते. एकच दिवस. मेली ती माझी माय, वाईट बोलू नये. पर हे मनातून जात न्हाई बघ माझ्या."

पांढऱ्या रानात ऊन फार लागतं. मी थांबले. ज्या शाळेसाठी गयामामीनं मला गप्प केलं होतं, ती शाळा रेणुकाच्या आयुष्यात उरलीच नव्हती, आणि गयामामीही नव्हती. मी सांगितलं. हिरवं लुगडं, पायरी, पुढच्या आठवड्यात परत येणं, चहा, सगळं.

"खोटं बोलायलीस."

"तुझी शप्पथ."

"हिरवं? ते तर लगीनकार्याचं होतं तिचं." तिचे हात चालूच होते. मग थांबले. "कोणत्या बाजारी म्हणलीस? पहिल्यांदा?"

"तू कापसात जायला लागलीस, त्यानंतरच्या."

"किती येळ बसली होती?"

"बाजार उठेस्तोवर."

ती खाली बसली, कपाशीच्या ओळीतच. "त्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन आली घरी. मीठ न्हाई, तेल न्हाई. मी लय बोलले तिला. म्हणलं, दिवसभर बाजारात काय करत होतीस, बायांसंगं गप्पा हाणत बसलीस का?"

"मग?"

"हासली. म्हणली, हाव, बसले होते."

 रडणं झालं नाही असं नाही, पण ते तुम्हाला दाखवायचं नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि पुसताना ओटीतला कापूस गालाला चिकटला. तो मी काढला नाही.

घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं. ते आता थकलेत, पत्रकं बंद झालीत. ऐकून त्यांनी खोलीतल्या कापसाकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या सभेत मी टाळ्या घेतल्या." एवढंच.

आपण आईबापांना शाळेत बोलावतो आणि ते आले की दिवस चुकला म्हणून परत पाठवतो. वडील नाहीत म्हणून आईला परत पाठवतो. नियम मोडेल म्हणून लेकराला बाहेर ठेवतो, आणि मग लेकराला आईचा राग येतो, शाळेचा नाही, नियमाचा तर नाहीच. माझ्या मैत्रिणीचं शिक्षण त्या नियमानं नेलं. त्याच्यासोबत तिची आईही नेली, ती जिवंत असतानाच, आणि हे गावात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. चांगल्या माणसांनी, चांगल्या हेतूनं, चांगल्या भाषेत लिहिलेला नियम होता तो. म्हणूनच मला नवा नियम लिहायची भीती वाटते. पण मी लिहिणार आहे.

तुम्हीही लिहा. तुम्ही शिक्षक असाल, शाळेच्या समितीवर असाल, किंवा नुसतेच कोणाचे मामा, काकू, आजोबा असाल, तरी या आठवड्यात तुमच्या शाळेत जा. आधी विचारा, आपल्या गावात मजुरीला सुट्टी कोणत्या वारी असते, आणि सभा त्या वारी घ्यायला लावा. जमत नसेल तर गुरुजींना बांधावर घेऊन चला. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली भाकरी सोडतात तिथं सभा होते, मी बघितलंय. आई आली, आजी आली, थोरली बहीण आली, तरी पालक आले असं माना. मोठ्यांच्या गैरहजेरीची शिक्षा लेकराला देणारी ओळ नियमात असेल तर ती उभ्या उभ्या खोडा.

आणि तरीही एखादी बाई चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी फाटकात उभी राहिली, तर तिला आत घ्या, बसवा. तिचं लेकरू कुठल्या वर्गात आहे ते विचारा. मग त्या वर्गाच्या दारात जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्या लेकराला सांगा: तुझी आई आली आहे.